भिंत हलली तर कॅमेरा

११ फेब्रुवारी, मंगळवार

नवी वही. पहिल्या पानावर सगळं नीट लिहून ठेवतो, आयटीआयमध्ये जॉबकार्ड लिहायचो तसं.

काम : आमची एकुलती एक मनस्विनी, म्हणजे मनू, लातूरला बँकेत असते. तिचं आठ मेला तिथंच लग्न. तिनं माझ्याकडं एकच मागितलंय. "बाबा, तुमच्या त्या चावीच्या कॅमेऱ्यावर आईचे हात घ्या. गव्हले वळताना. फोनवर नको." लग्नाआधी वळवट, म्हणजे खिरीसाठी पिठाचे बारीक प्रकार हातानं वळणं, सगळ्याच घरी होतं. नखुल्या, मालत्या, फणोले कुणालाही जमतात, पण गव्हले मनूच्या आईनं, विनीतानंच करावेत. चिमटीत दोन बोटं फिरली की एक पडतो, गव्हापेक्षा बारीक, दोन्ही टोकांना निमुळता. एकदा मी व्हर्निअरनं मोजले होते. लांबी चार मिलिमीटर, जाडी एक. शंभरात एकही वेगळा नाही. नांदेडात तिच्या हाताची बाई मी पाहिली नाही.

साधन : आठ मिलिमीटरचा कॅमेरा, विष्णुपुरीच्या एका निवृत्त इंजिनिअरकडून घेतलेला. फिल्म मी घरीच धुतो.

स्थिती : तिसरी रीळ आज खिडकीला गोधडी लावून भिंतीवर पाहिली. शिसारी आली. फडताळ थरथरतं, भिंतीवरचं कॅलेंडर थरथरतं, पाटावर बसलेली विनीता थरथरते.  एकतीस वर्षं टर्नरचा निदेशक होतो. केसाएवढा फरक पडला तरी पोरांचा जॉब भंगारात टाकायचो. ज्याचा हात थरथरतो त्याला मी कधी लेथवर उभं केलं नाही. सरळ सांगायचो, बाबा रे, तू दुसरा धंदा बघ. आणि आता माझ्याच घरच्या भिंतीवर हे!

जेवताना विनीताला हे सगळं बोलून दाखवलं. ती "हं" म्हणाली. भात वाढताना उलथणं पातेल्यावर खणखण वाजवत होती. मला या आवाजाचा वीट आलाय.


१४ फेब्रुवारी, शुक्रवार

दोष सापडला. तिपाई! बाजारातल्या तिपाया म्हणजे प्लॅस्टिकचे पाय आणि वर चकचकीत रंग. बनवणाऱ्याला लाज कशी वाटत नाही? फेकून दिली. जुन्या ड्रॉइंग बोर्डाच्या लाकडी स्टँडला खोबण पाडून कॅमेरा बसवला आणि खाली वजन म्हणून पाच किलो तूरडाळीची पिशवी टांगली. आता बैल धडकला तरी हलायचं नाही.

"डाळ टांगून ठेवल्यावर वरण कशाचं करू?" विनीता म्हणाली.

"मुगाचं कर."

गॅलरीच्या दारात उजेडाला बसवलं तिला. "हलू नकोस," म्हणालो.

"मी कुठं हलून राहिले?" ती एकदम तडकली. हल्ली तिला काही बोलायची सोय नाही. मी फक्त बैठकीबद्दल बोललो होतो.

नंतरचा चहा अर्धा बशीत. तेहतीस वर्षांत कप भरायचा अंदाज येऊ नये? मी तसं म्हणालो. ती फडकं आणायला आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.


२३ फेब्रुवारी, रविवार

थरथर कमी झाली, गेली नाही. दोन दिवस डोकं खाजवलं. मग जमिनीवर पाण्याची वाटी ठेवली. पाण्यावर बारीक वलयं. खालची पिठाची गिरणी! वीस वर्षं आम्ही हिच्यावर राहतोय आणि मला वाटायचं तो नुसता आवाज आहे.

खाली गेलो. मंजुश्री, म्हणजे गिरणीवाली, भुवयांपर्यंत पिठानं माखलेली. म्हणाली, "काका, लोक दळण घेऊन उभे हायत. तुमच्या पिच्चरसाठी गिरणी बंद करू का?" त्या पिठात, घामात, शेंगदाण्याच्या कुटाच्या वासात उभं राहून विनवण्या करायची वेळ माझ्यावर यावी! शेवटी दोन ते तीन तिची जेवणाची सुट्टी. तेवढा तास माझा.

ती मात्र आता वर यायला लागलीय. चार वाजता येते आणि विनीता नि ती स्वयंपाकघराचं दार लोटून बसतात. फरशीवर पिठाची पावलं.


२ मार्च, रविवार

बटण दाबताना बोटाचा धक्का बसतो म्हणून लांब वायरचं बटण लावलं. चावी पूर्ण भरायची, पण स्प्रिंग संपेपर्यंत चालवायचं नाही, शेवटी वेग मरतो. सगळं पाळलं. तरी पाचव्या रिळेत कॅलेंडर नाचतंय. स्वतःच्या हातांचीच किळस आली. एवढं शिकून, शिकवून काय उपयोग?

विनीतानं समजूत काढली. "तुमचं काही चुकत न्हाई हो. कॅमेराच हलतो. जुनं धूड ते." पुन्हा संध्याकाळी म्हणाली, "मशीनचाच दोष आहे." रात्री दिवा घालवताना तिसऱ्यांदा. या घरात मला समजून घेणारं कुणी आहे हे बघून बरं वाटलं. नाहीतर एरवी माझ्या खटपटीकडं ती ढुंकूनही बघत नाही.


६ मार्च, गुरुवार

सकाळच्या एसटीनं लातूर. मनूकडं न जाता आधी संगप्पाकडं. हा मूळचा उदगीरचा, तिथल्या टॉकीजमध्ये ऑपरेटर होता. टॉकीज पडली, आता गंजगोलाईच्या एका बोळात घड्याळं दुरुस्त करतो. दुकान म्हणजे उभं खोकं. चहाच्या ग्लासावर माश्या, कॅरमच्या पावडरीच्या डब्यात स्क्रू. बसायला दिलेल्या स्टुलावर मी रुमाल टाकला.

पण माणूस जाणता आहे. त्यानं आपल्या प्रोजेक्टरची चौकट कानशीनं घासून मोठी केलीय. त्यामुळं पडद्यावर चित्राबरोबर फिल्मच्या कडेचं भोकही दिसतं. माझी पाचवी रीळ लावली आणि म्हणाला,

"सर, हलतंय हलतंय म्हणू नका. काय हलतंय ते बघा. हे भोक हललं तर प्रोजेक्टर. भोक थांबलं पन भिंत हलली तर कॅमेरा."

"आणि भोकही थांबलं, भिंतही थांबली तर?"

"मग जे हलतंय तेच हलतंय."

इतकी स्वच्छ गोष्ट मला सुचू नये याची चीड आली. भोक स्थिर होतं, भिंत हलत होती. म्हणजे कॅमेरा. त्यानं उघडला. फिल्म ज्या चौकटीतून सरकते तिथं काळा चिकटा साठलेला. सुई लावू दिली नाही, कडुनिंबाची काडी तासून तिनं खरवडला. फिल्मला मागून दाबून धरणारी पट्टी सैल, तिची स्प्रिंग मेलेली. घड्याळातली एक बसवून देतो म्हणाला.

रीळ परत गुंडाळताना थांबून त्यानं भिंगातून बराच वेळ फिल्म पाहिली. "मॅडमची तब्येत बरी हाय ना सर?"

"ठणठणीत," मी म्हणालो. कामाच्या मध्ये या लोकांना घरगुती चौकशा कशाला लागतात कळत नाही.


१८ मार्च, मंगळवार

नवी दाबपट्टी. भिंत जवळजवळ थांबली! फक्त वरखाली एक बारीक उसळी राहिलीय, तीही अधूनमधून.

विनीता खूश होईल वाटलं होतं. ती म्हणाली, "आता पुरे की. चांगलं दिसतंय. अजून कशाला खोलून राहिलात?" हिला काटेकोरपणाची चाडच नाही. जवळजवळ म्हणजे काय? जवळजवळ गोल शाफ्ट कुणी गाडीत बसवतं का?

लग्नपत्रिकांवर नावं घालायचं काम तिनं मंजुश्रीला दिलंय. "तिचं अक्षर वळणदार आहे," म्हणे. शाळेत पंचवीस वर्षं फळा लिहिलेली बाई ही! दोन पाकिटांवर पिठाचे अंगठे उमटलेत. एक तर कलेक्टर कचेरीतल्या माझ्या वर्गमित्राचं. मी ती दोन्ही फाडून पुन्हा लिहिली.


२७ मार्च, गुरुवार

आज भांडण झालं. लिहून ठेवतो.

गव्हल्यांचा डबा उघडला. वर पडलेले बघूनच ओकारी यावी. जाडे, बोथट, एक सहाचा तर एक आठचा. व्हर्निअर आणून तिच्यासमोर मोजले. "हे काय आहे?"

"मंजुश्रीनं वळलेत."

"का?"

"मला वेळ न्हाई."

"पोटच्या पोरीच्या वळवटाला तुला वेळ नाही? कामचुकार पोरं सबबी सांगायची तेव्हा मी त्यांना वर्कशॉपबाहेर काढायचो."

"काढा मग," ती म्हणाली आणि व्हर्निअर माझ्या हातातून घेऊन टेबलावर ठेवला. तो टेबलावर टकटक वाजला. माझी सगळ्यात जपलेली वस्तू आणि ती अशी आपटते.

 


४ एप्रिल, शुक्रवार

संगप्पाला फोन केला. उसळीचं ऐकून म्हणाला, "फिल्मचा झोल लहान पडतोय सर. आत भरताना दोन भोकं जास्त सोडा. फिल्मला हिसका बसू देऊ नका." बस्स, एवढंच राहिलं होतं.

विनीतानं तीन दिवस टाळलं. परवा डोकं दुखत होतं, काल न्हाऊन केस ओले होते, आज सकाळी म्हणे पीठच सैल झालं. दोनला गिरणी थांबली तेव्हा मी हात धरूनच दारात आणलं. तिचा हात गार होता. पाटावर बसली, कोपर गुडघ्यावर टेकवलं. मी म्हणालो, कोपर काढ, हात झाकला जातोय. तिनं काढलं. फिल्मची एक बाजू पूर्ण घेतली, दोन मिनिटं. मी नेहमीसारखा कॅलेंडरच्या कडेवर डोळा ठेवून होतो.


५ एप्रिल, शनिवार

भिंत थांबली.

दुपारी गोधडी लावून पाहिलं. मीही माझ्या प्रोजेक्टरची चौकट घासून घेतलीय. भोक गच्च. भिंत गच्च. कॅलेंडरवरचे आकडे वाचता येतात, चतुर्थीचा लाल ठिपकासुद्धा. मी खुर्चीतून उठून टाळी वाजवली. खरंच वाजवली. मग कॅलेंडरवरून नजर खाली आली.

दगडासारख्या स्थिर त्या चित्रात एकच गोष्ट हलत होती. विनीताचा उजवा हात. चिमूट मिटते, थरथरते, गव्हला वळायच्या आत सुटतो. ती डाव्या हातानं उजवं मनगट धरते, पुन्हा प्रयत्न करते. दोन मिनिटांत तीन गव्हले. तिसरा तुटला. एकदा ती मान वर करून कॅमेऱ्याकडं बघते. मी समोर चार फुटांवर उभा होतो, आणि मी कॅलेंडर बघत होतो.

जे हलतंय तेच हलतंय.

रीळ संपून फडफडायला लागली तरी बटण बंद करायचं सुचलं नाही. मग ही वही पहिल्या पानापासून वाचली. चहा. उलथणं. पत्रिका. व्हर्निअर. सगळं मीच लिहिलंय, तारखेसकट. स्वतःची इतकी किळस मला आयुष्यात आली नव्हती. पोरांच्या भंगार जॉबची येत होती ती काहीच नव्हे.

दार किलकिलं करून ती म्हणाली, "हललं का?"

"हाव," मी म्हणालो. "कॅमेराच हलतो. भंगारात घालायच्या लायकीचा आहे."

ती दारातच उभी राहिली. पडद्याच्या जागी कोरा उजेड होता. मग आत गेली आणि चहा घेऊन आली. बशी नाही, कप काठोकाठ. येताना सांडत आणला, माझ्या डोळ्यांदेखत, पुसायला वाकलीही नाही.

"तुम्हाला खोटं बोलता येत न्हाई," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. रांगोळीची रेघ वाकडी गेली."

"मला सांगायचं नाही?"

"थरथरत्या हाताचं तुम्ही काय करता, ते मी एकतीस वर्षं जेवताना ऐकून राहिले." आवाज चढवला नाही तिनं. "तुम्ही एकेक दोष काढत होतात. तिपाई, गिरणी, पट्टी. मी मनात म्हणायची, आता एवढं निघालं की मीच राहिले."

 चहा प्यायलो. गार झाला होता.


९ एप्रिल, बुधवार

मेंदूच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी तिला कागदावर गोगलगायीसारखं वेटोळं काढायला लावलं. तिनं काढलं. फळ्यावर हातानं पूर्ण वर्तुळ काढणारी माझी बायको. मी खिडकीतून बाहेर बघायला लागलो, मग लाज वाटून कागदाकडंच बघितलं.

मी ज्या कंपवाताला घाबरत होतो तो नाही म्हणाले. गोळ्यांनी कमी होईल, पूर्ण जाणार नाही. मी विचारलं, दोष नेमका कुठं आहे? ते म्हणाले, काका, यंत्र असतं तर दाखवला असता.

येताना तिचा हात धरला. रिक्षात. तो माझ्या हातात थोडा थोडा हलत होता.


२० एप्रिल, रविवार

मनू आली. ती स्थिर रीळ तिला दाखवली. तिनं सलग दोनदा पाहिली, डोळे पुसले. "मला माहीत होतं बाबा. म्हणून तर आईचे हात मागितले. पुढं किती वळतील कुणास ठाऊक."

"म्हणजे मलाच माहीत नव्हतं?"

"तुम्ही लगेच गेज घेऊन बसला असतात."

 खरंच बसलो असतो.

मनू म्हणाली, हीच मंडपात लावा. विनीता म्हणाली, "न्हाई. चारशे माणसं. जेवता जेवता माझ्या हाताची चर्चा करतील, मग घरी जाऊन करतील. ही तुझी. तू ने." मनूनं डबी पर्समध्ये ठेवली. पण मंडपात काहीतरी लावावं लागणारच, मी महिनाभर सगळ्या नातेवाइकांना फोनवरून फुशारकी मारलीय.


२२ एप्रिल, मंगळवार

डाळीची पिशवी सोडली. विनीतानं तिचं वरण केलं. कॅमेरा स्टँडवरून काढला, वायरचं बटण काढलं. खाली जाऊन मंजुश्रीला म्हणालो, "दोन ते तीन गिरणी चालू ठेव. आणि गव्हल्यांबद्दल तुझे उपकार आहेत."

तिनं पिठाच्या हातानं कपाळ पुसलं. "काका, तुमचं डोकं ठिकाणावर हाय ना?"

विनीता पाटावर बसली. मी कॅमेरा हातात धरला, एका पायावर भार दिला, श्वास रोखला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम वाईट काम केलं. फडताळ, कॅलेंडर, दार, हात, सगळं एकसारखं हलेल असं. मध्येच ती हसायला लागली. मग मीही. त्यानं अजूनच हललं.


९ मे, शुक्रवार

काल लग्न लागलं. नीट झालं. खिरीत मंजुश्रीचे जाडे गव्हले आणि विनीताचे थोडे बारीक, वाटीत दोन्ही दिसत होते. मी दोन वाट्या खाल्ल्या.

हॉलच्या एका कोपऱ्यात पडदा लावून रीळ दाखवली. पहिल्याच क्षणी लोक कुजबुजायला लागले. मुलाचे काका मोठ्यांदा म्हणाले, "अहो, चक्कर येऊन राहिली. मोबाईलवर घ्यायचं होतं!" एरवी माझ्या कामाला कुणी असं बोललं असतं तर मी पंगतीतून उठलो असतो. काल मी त्यांच्याबरोबर हसलो. विनीता पहिल्या रांगेत होती, शालूत, दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवून. तिच्याकडं कुणी बघत नव्हतं, सगळे पडदा बघत होते.

दिवे लागल्यावर संगप्पा आला. बोलावलं होतं, इस्त्रीचा सदरा घालून आला होता. प्रोजेक्टरजवळ वाकून हळूच म्हणाला, "सर, दाबपट्टी मी नवी टाकली हाय. झोल बी तुम्ही बरोबर सोडलाय. ह्यात भिंत हलायला नको."

मी रीळ गुंडाळत राहिलो.

"भिंत तुम्ही हलवली."

"हाव."

 विनीताकडं संगप्पानं पाहिलंसुद्धा नाही. माझ्या हातातून रीळ घेतली, डबीत घातली, झाकण अंगठ्यानं दाबून लावलं. तेवढ्यात मुलाचे काका पुन्हा काहीतरी म्हणत आमच्याकडं यायला लागले. संगप्पा ताठ उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "माझीच दुरुस्ती कच्ची राहिली हो, साहेब. कॅमेरा हलतो."